तुमच्या नावाचा चषक

अण्णा, यंदाच्या यात्रेत आपल्या शर्यतीच्या घाटात तुमच्या नावानं बैलगाडे पळाले. घाटाच्या तोंडाशी कमान उभारली होती आणि कमानीच्या मधोमध तुम्ही होता, दहा फुटी. फोटो तोच, लायसनसाठी काढलेला. आपल्याकडं दुसरा नव्हताच. एवढा मोठा केल्यावर तुमच्या कपाळावरची आठी हातभर लांब झाली होती, आणि तुमच्या दोन्ही अंगांना हात जोडून उभ्या असलेल्या पुढाऱ्यांपैकी निम्म्यांना तुम्ही गेलात तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. खाली लिहिलं होतं, शहीद फायरमन स्मृती चषक. तुम्ही फायरमन नव्हता. तुम्ही बंबाचे ड्रायव्हर होता, आणि कुणी मान देऊन फायरमन म्हटलं तर त्याला तिथंच थांबवायचात की फायरमन तो, मागं पाईप धरून बसलाय तो, मी ड्रायव्हर. पण कमान छापण्याआधी कुणी मला विचारलं नाही. मी आत गेले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते, आणि बैलांच्या पायांनी धूळ उडू नये म्हणून नवा लाल बंब घाटात पाणी मारत होता. तुमच्या नावाची शर्यत, तुमच्याच खात्याचा बंब. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोन आठवडे झाले तरी राग उतरलेला नाही. नवऱ्याशी बोलून झालं, मुलीशी बोलून झालं, आता ती दोघं मला टाळतात. म्हणून तुम्हाला लिहितेय.

तुमचं पुण्यस्मरण दरवर्षी यात्रेच्याच दिवशी असतं, कारण तुम्ही यात्रेच्या दिवशी गेलात आणि गाव तारीख नाही, तिथी धरतं. नारायणगावच्या रस्त्याला जे गोडाऊन पेटलं होतं तिथं आता हॉटेल आहे. हॉटेलच्या पार्किंगच्या कोपऱ्यात काळ्या दगडाचा कमरेएवढा खांब आहे. त्यावर पहिलं तुमचं नाव, मोठ्या अक्षरात. त्याखाली तुमच्या जोडीदाराचं, निमगाव सावाच्या त्या फायरमनचं, लहान अक्षरात. तो बौद्धवाड्यातला होता म्हणून लहान, असं गावात कुणी बोलत नाही आणि कळतं सगळ्यांना. आणि त्याखाली दोन शब्द आहेत, व इतर. हे इतर म्हणजे तीन बायका. टोमॅटो निवडून खोक्यांत भरायला रोजानं येणाऱ्या तीन बायका, ज्या आत होत्या म्हणून तुम्ही आत गेलात. त्या आत नसत्या तर तुम्ही बाहेरून पाणी मारलं असतं, संध्याकाळी घरी येऊन पुरणपोळी खाल्ली असती आणि आज कमानीवर नसता. सकाळी आठला तिथं माईक टेस्टिंग सुरू होतं, मग हार, मग नारळ, मग भाषणं. दोन मिनिटांची शांतता पाऊण मिनिटात उरकते, कारण सगळ्यांना घाटात जागा धरायची असते. मधली काही वर्षं शर्यतींवर बंदी होती, तेव्हा मात्र ती शांतता पुरती दोन मिनिटं चालायची. कुणाला कुठं जायचंच नव्हतं.

आणि मी दरवर्षी तिथं पहिल्या रांगेत बसते. तुमच्या जागी मला अनुकंपेवर घेतलं, तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. बावीस वर्षं झाली, मी जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर आहे. लोक बाळाचं नाव घालायला येतात आणि म्हाताऱ्याचा दाखला न्यायला येतात, दोघांना मी त्याच खिडकीतून अर्ज देते. ऑफिसनं नोकरी दिली म्हणून ऑफिसच्या कार्यक्रमात गप्प बसायचं, एवढं मला कुणी शिकवावं लागलं नाही. दगडावरचे ते दोन शब्द मी दरवर्षी वाचत होते, दरवर्षी चिडत होते, आणि नारळ घेऊन घरी येत होते.

तुम्हाला तो हंडा आठवतो का? मी नववीत होते. उन्हाळा होता, नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. तुम्ही दुपारी जेवायला घरी आलात आणि बंब दारात उभा केलात. मला कुणी सांगितलं नव्हतं. मीच मागचा व्हॉल्व्ह जरासा सोडला, एक हंडा भरून घेतला आणि शेजारची काकू बघत होती म्हणून तिलाही एक कळशी भरून दिली. तुम्ही ताटावरून तसेच उष्ट्या हातानं उठलात. मला वाटलं आता मार बसणार. तुम्ही हात लावला नाहीत. हंडा खांद्यावर घेतलात, शिडीनं बंबावर चढलात आणि टाकीचं झाकण उघडून सगळं पाणी परत ओतलंत. मग काकूच्या दारात जाऊन तिची कळशीही मागून आणलीत, तीही ओतलीत. खाली उतरून म्हणालात, "ह्या पाण्याला मालक हाय. त्याचं घर अजून पेटलं न्हाई, एवढंच." काकू पुढं सहा महिने आपल्याशी बोलत नव्हती. मला तुमचा इतका राग आला होता की मी दोन दिवस तुमच्या ताटात भाकरी वाढली नाही, आईलाच वाढायला लावली. पण नंतर तेच वाक्य मी मिरवायला लागले. कॉलेजात सांगितलं, सासरचे बघायला आले तेव्हा सांगितलं. रिकामा बंब तुम्ही कधी आवारात उभा केला नाहीत, आधी विहिरीवर जायचं, टाकी काठोकाठ भरायची, मग घर, मग जेवण, हे मी इतक्या लोकांना सांगितलंय की तुमच्या ओळखीच्या माणसांपेक्षा ते ऐकलेली माणसं जास्त निघतील.

तर मग अण्णा, एका हंड्यासाठी जेवणावरून उठणारा माणूस भरलेली टाकी घाटात ओतून येतो कसा, हे मला तुम्हाला विचारायचंय. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट अशी की साहेबांचा फोन आला, हुकूम आला, गरीब ड्रायव्हर काय करणार. आई शेवटपर्यंत असंच सांगत राहिली. मीही असंच सांगत आले. पण यात्रेच्या आदल्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात पुरण वाटत होते. आधी यात्रेचे पंच घाटात पाणी मारा म्हणून आले होते आणि तुम्ही त्यांना ओसरीवरूनच लावून दिलंत, की तो बंब हाय, पखाल न्हाई. मला तेव्हा फार बरं वाटलं. मग मामा आला. तो सरळ आत आला आणि चुलीजवळ टेकला. त्यानं त्या वर्षी नवा बैल घेतला होता, पहिल्यांदाच घाटात उतरवणार होता. तो म्हणाला, "दाजी, बैल धुळीला बिचकतोय. एवढं एकडाव करा." आई भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही, एवढंच म्हणाली, "वर्साचा सण हाय." तुम्ही डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवलीत आणि तिच्याकडं बघत बसलात. सकाळी सहा वाजता बंब घाटाकडं गेला. कुठल्या साहेबाचा फोन आला होता? तेव्हा आपल्या घरात फोनच नव्हता. पंचांना नाही म्हणता आलं, साहेबालाही म्हणता आलं असतं, बायकोच्या भावाला म्हणता आलं नाही. आपल्याकडचा कुठला पुरुष म्हणू शकला असता ते मला माहीत नाही, पण मला वाटत होतं की तुम्ही म्हणाल.

आणि पाणी मारून झाल्यावरही तुम्ही विहिरीवर गेला असता तर मी आज काही बोलले नसते. तुम्ही गेला नाहीत. मामाच्या गाड्याची बारी बघायला थांबलात. मी बायकांच्या बाजूला उभी होते, मला तुम्ही दिसत होता, बंबाच्या टपावर बसून हातानं डोळ्यांवर सावली धरलेले. मामाचे बैल चांगले पळाले. निशाण पडलं, भंडारा उधळला, तुम्ही टपावर उभे राहून टाळ्या वाजवल्यात. तुम्हाला तसं खूश मी फार कमी वेळा पाहिलंय. टाळ्या वाजवत होता तेवढ्यात एकजण मोटारसायकल घेऊन थेट गर्दीत घुसला आणि गोडाऊन पेटल्याचं ओरडला. तुम्ही उडी मारलीत, जोडीदार मागं चढला, बंब निघाला. टाकीत फार तर पाव भाग पाणी होतं.

गोडाऊनमध्ये लाकडी खोकी, पेंढा, कागदाची कतरण, सगळं पेटायलाच जमा केल्यासारखं. टोमॅटो कुणाच्या यात्रेसाठी थांबत नाही, म्हणून काम चालू होतं. आपल्या गावच्या बायका त्या दिवशी कामाला येणार नव्हत्या, म्हणून जास्त लांबच्या आणल्या होत्या, पार डोंगरातल्या मढच्या पुढून, जीपनं. आणि मुकादमानं मागच्या दाराला बाहेरून कुलूप लावलं होतं, की बायका गुपचूप यात्रेला सटकू नयेत. किल्ली त्याच्या करदोट्याला. तो स्वतः घाटात, बांधावर बसून उसाचा रस पीत होता, मोटारसायकलवाल्यापासून चार हातांवर. बंबाला बोलावलं, त्याला कुणी बोलावलं नाही, आणि तोही उठला नाही. पाणी घाटात आणि किल्लीही घाटात. पुढचं दार आगीनं अडलेलं, म्हणून तुम्ही दोघांनी पहारीनं मागचं दार फोडलंत आणि एकेक बाई बाहेर काढलीत. मग पाणी संपलं. आत अजून तिघी आहेत म्हटल्यावर तुम्ही कोरडेच आत गेलात आणि वरचे पत्रे खाली आले. तुम्ही दोघं आणि दोन बायका तिथंच गेलात. तिसरी पुण्याला दवाखान्यात दुसऱ्या दिवशी गेली.

पुढचं तुम्हाला माहीत नाही. चौकशी झाली, वायरिंगमध्ये शॉर्ट झाल्याचं निघालं. कुलूप कागदावर आलं नाही, कारण मुकादम गावचा जावई होता. पाणी कागदावर आलं नाही, कारण घाटात पाणी मारलेलं सगळ्या गावानं बघितलं होतं आणि सगळ्या गावाला ते हवं होतं. प्रत्येकाचं काहीतरी झाकायचं होतं, म्हणून प्रत्येकानं दुसऱ्याचं झाकलं. शोकसभेत तुमच्याबद्दल जे बोलले ते ऐकून मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते काय ते मला कळलं. तुम्ही जिवंत असताना ज्यांनी तुमच्या गणवेशाच्या कापडाचा अर्ज दोन वर्षं दाबून ठेवला, ते रडत होते. मामानं आठवड्यात बैल विकले. त्यानंतर तो कधी कुठल्या घाटात गेला नाही आणि आपल्या घरी आला तरी जेवला नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी ही म्हण लोक हसत हसत वापरतात, ऑफिसात तर रोज कुणीतरी कुणाला ऐकवतं. आपल्या घरात ती बावीस वर्षांत कुणी तोंडातून काढली नाही. आईला शेवटी शेवटी साहेबाचा फोन खरंच आला होता असं वाटायला लागलं होतं. फोनची घंटा कशी वाजली तेही ती सांगायची. मी तिला कधी टोकलं नाही.

यंदा फाल्गुनात कमिटीचे चौघं घरी आले. अध्यक्ष माझ्यापेक्षा लहान आहे, पांढरा कडक शर्ट घालतो. बंदी उठल्यापासून शर्यत जोरात आहे, पण पुण्यस्मरणाला माणसं जमत नाहीत, तर दोन्ही एकत्रच करू, असं त्याचं म्हणणं. तो म्हणाला, "ताई, अण्णांच्या नावानं चषक ठिवतो. लई मोठं नाव व्हईल त्यांचं. बक्षीस तुमच्या हातानं." मी चहा ठेवला आणि चहा उकळेपर्यंत स्वतःला आवरलं. मग बाहेर येऊन सांगितलं की येते, पण एका अटीवर: त्या तीन बायकांची नावं दगडावर घालायची आणि शर्यतीआधी माईकवरून वाचायची. चौघांनी एकमेकांकडं बघितलं. त्यांच्यातला वयस्कर होता तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "नावं काढली की कुलूप निघतं, ताई. मुकादमाची पोरं आज आपल्याच कमिटीत हायती. सणासुदीला कशाला?" मी म्हटलं, कुलूप निघू दे. इतकं मोठ्यानं म्हटलं की आतून मुलगी बाहेर आली. अध्यक्षानं हात वर केले. "वाचू की. नावं वाचायला काय लागतंय? निवेदकाला सांगून ठिवतो. दगडाचं मागनं बघू." बंबाचं पाणी घाटात मारणार आहेत हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. त्यांच्या डोक्यातही आलं नसेल की हे सांगण्यासारखं काही आहे. खरं तर मला जास्त संताप याचाच आला. मुद्दाम केलं असतं तर शिव्या तरी घालता आल्या असत्या.

घाटात मला स्टेजवर बसवलं. तुमच्या जोडीदाराच्या घरचं कुणी नव्हतं. निवेदकानं आधी आमदारांपासून मंडपवाल्यापर्यंत सगळ्यांचं स्वागत केलं, मग तुमच्याबद्दल बोलला, आगीच्या ज्वाळा वगैरे, आणि शेवटी म्हणाला की शहीद वीर व इतर मृतांना भावपूर्ण श्रद्धांजली. झालं. पहिली बारी जुंपा म्हणून त्यानं हात केला. मी उठले आणि त्याच्या हातातून माईक घेतला. तोवर मी कधी माईकला हात लावला नव्हता अण्णा, माझा आवाज मलाच परका वाटला. मी म्हटलं की इतर कुणी नव्हतं, तीन बायका होत्या, त्यांची नावं ऐका. पहिलीचं नाव सांगितलं, आईबापाच्या गावासकट. दुसरीचं सांगितलं. ही दोन्ही नावं मला पाठ होती, माझ्याच टेबलामागच्या रजिस्टरात आहेत, बावीस वर्षांत कितीदा काढून बघितली असतील. मग तिसरी म्हटलं आणि थांबले. तिसरी पुण्यात गेली, तिची नोंद पुण्यात. माझ्या रजिस्टरात ती नाही. ती मढच्या पुढची, एवढंच मला माहीत होतं. मी दगडाला नावं ठेवत होते, कमिटीला अटी घालत होते, आणि मला स्वतःलाच तिचं नाव माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. एवढा मोठा घाट, हजारो माणसं, आणि मी माईक धरून नुसती उभी. निवेदकानं माझ्या हातातून हळूच माईक काढून घेतला आणि म्हणाला, "ताईंना गहिवरून आलंय. टाळ्यांच्या गजरात..." आणि सगळ्या घाटानं टाळ्या वाजवल्या. बक्षीस न देताच मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी मी नारायणगावला तुमच्या जोडीदाराच्या धाकट्या भावाकडं गेले. त्याचं विहिरीवरच्या पंपांच्या मोटारी बांधायचं दुकान आहे, बायको गल्ल्यावर बसते. तो कार्यक्रमाला यायचा कधीच बंद झालाय. मी का म्हणून विचारलं तर म्हणाला, "आमच्या भावाचं नाव दुर्बिणीनं वाचावं लागतं ताई, तिथं येऊन काय करू?" तिसऱ्या बाईचं विचारलं तर त्यालाही नाव माहीत नव्हतं, पण त्याची आई पहिली काही वर्षं तिच्या घरी जाऊन येत होती, म्हणून वाडी माहीत होती. त्यानं कागदावर रस्ता काढून दिला. म्हणजे त्या म्हातारीनं ओतूरच्या फाट्यावर गाडी बदलून, दोन जीपा करून तिथं जायचं, आणि मी सरकारी टेबलावर बसून दगडावर चिडत बसायचं.

रजा टाकून मी गेले. मढच्या पुढं जीपनं सोडलं, तिथून अर्धा तास चढ. वाडीत दहाबारा घरं, अंगणाअंगणात हिरडा वाळत घातलेला. विचारत विचारत घर सापडलं. तिची मुलगी भेटली, तिशीची असेल, कडेवर पोर. आई गेली तेव्हा ती आठ वर्षांची होती. मी कोण ते सांगितलं, तशी तिनं पोराला खाली ठेवलं, डोक्यावर पदर घेतला आणि माझ्या पाया पडली. मी मागं सरकले. ती तुमचं नाव बोलली, अण्णा, बापाच्या नावासकट आणि गावासकट, न अडखळता. सर्वपित्रीला त्यांच्यात आईचं पान वाढतात, त्याच्या शेजारी तुमच्या दोघांची पानं वाढतात. ती म्हणाली, "आजीनं लावून दिलंय. दार फोडलं त्यांची पानं आधी, मग घरची." मी तुमचं श्राद्ध सोडलंय, आई गेल्यापासून. हेही तुम्हाला माहीत नसेल. मी तिला आईचं नाव विचारलं. तिला आधी कळेचना की मी काय विचारतेय, कारण मला ते माहीत असणार असं ती धरूनच चालली होती. मग तिनं सांगितलं आणि मी ते तिच्यासमोर वहीत लिहून घेतलं.

ती तीन नावं मी या पत्रात लिहीत नाही. कागदावर लिहिली की मला मोकळं वाटेल आणि मला इतक्यात मोकळं व्हायचं नाही. ती दगडावर लिहायची आहेत, आणि तुमच्या जोडीदाराचं नाव तुमच्याएवढ्या अक्षरात. तसा अर्ज मी परवा टाकलाय, माझ्याच ऑफिसात, आणि शिक्का मारून पोच घेतलीय. अर्जात मागच्या दाराचं कुलूपही लिहिलंय, किल्ली कुठं होती तेही. साहेबांनी बोलावून घेतलं आणि बावीस वर्षांनी कशाला उकरताय म्हणाले. मी म्हटलं, खरं आहे ते लिहिलंय, खोटं असेल तर खोडा. त्यांनी खोडलं नाही. बाहेर आल्यावर शिपाई म्हणाला की ताई, आज तुमी अण्णांवानी दिसता. मला त्या वेळी हे ऐकायचं नव्हतं.

कारण वाडीत शेवटी काय झालं ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. तिनं मला चहा दिला, हिरड्याच्या पोत्यावर बसवलं, आणि मी निघायला उठले तेव्हा तिनं विचारलं. रागानं नाही, लहानपणापासून डोक्यात राहिलेलं एखादं कोडं विचारावं तसं. "ताई, आजी म्हणायची बंबाचं पानी संपलं व्हतं, न्हाईतर आई निघाली असती. एवढा मोठा बंब, पानी संपलं कसं?" ती माझ्याकडं बघत होती. मामा, नवा बैल, आईची भाकरी, टपावर टाळ्या वाजवणारे तुम्ही, सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. मी म्हटलं, "आगच लई मोठी व्हती, बाई." तिनं मान हलवली. मला जीपपर्यंत सोडायला आली आणि वाटेत माझी पिशवी तिनंच धरली.

हे पत्र खरं तर तिला लिहायला हवं. तिचं नाव, वाडी, पोस्ट, सगळं वहीत आहे, आणि तिला वाचता येतं हेही मी विचारून आलेय. तरी मी तुम्हालाच लिहीत बसले, कारण तुम्ही पाण्याचं विचारणार नाही.